बशीच्या काठाशी थांबलेलं पिल्लू

मॅडम,

धुळ्याला जाताना एसटीत मी तुम्हाला जे सांगितलं, त्यात दोन गोष्टी खोट्या होत्या. तुम्ही त्या दोन्ही खऱ्या धरल्यात आणि त्यांच्या भरवशावर भरल्या सभेत माझी बाजू घेतलीत. तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं होत आली. इतक्या उशिरा लिहायचंच आहे, तर निदान नीट, क्रमाने आणि मापासकट लिहावं असं ठरवून बसलो आहे. मापाच्या बाबतीत तुम्ही मला कधी सूट दिली नाहीत.

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात तेव्हा जळगावात टीव्ही दिसायला लागून वर्षही झालं नव्हतं. माझ्या टेबलावर उघडलेले चार संच. डाळमिलचे एक मुनीम काउंटरवर कोपर टेकून तक्रार सांगताहेत, "भाऊ, बातम्या देणारी बाई आमच्याकडे डबल दिसते." मी म्हणतो, "एक पुरत नाही का?" ते म्हणतात, "मला पुरते हो, घरच्यांना एकही चालत नाही." त्यांच्यामागे तुम्ही उभ्या. बाहेर लुना लावलेली, पदर कमरेला खोचलेला, हातात वही. मला वाटलं, रेडिओ दुरुस्तीचं काम असेल. मुनीम गेल्यावर तुम्ही विचारलंत, हे डबल तुम्ही घालवता कसं? कुणी कारण विचारलं की मला बरं वाटतं, म्हणून सविस्तर सांगितलं. सिग्नल पाण्याच्या टाकीवर आदळून जरा उशिरा दुसऱ्यांदा येतो, त्याचं फिकं चित्र खऱ्या चित्राशेजारी उमटतं. आधी अँटेना फिरवून बघायचं. तेवढ्याने भागलं नाही, तर आत एक चावी फिरवून फिकं चित्र दाबून टाकायचं. तुम्ही ते वहीत लिहून घेतलंत आणि म्हणालात, "भाऊ, पडद्यावर एकच पांढरा ठिपका असेल आणि तो हलत असेल, तर तो कुठे आहे हे माणसाने न बघता कळेल का?" मी म्हटलं, कळेल. कसं कळेल ते मला तेव्हा मुळीच माहीत नव्हतं. अकरावीनंतर मी जे काही शिकलो ते बिघडलेल्या संचांकडून शिकलो, आणि 'माहीत नाही' हे त्या शिक्षणात बसणारे शब्द नव्हते.

तुमची प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाची लांबट खोली. भिंतीकडेने काचेच्या बरण्या, प्रत्येकीभोवती ओलं गोणपाट, कारण बाहेर पंचेचाळीस असलं तरी पाणी अठ्ठावीसच्या वर जाऊ द्यायचं नाही असा तुमचा दंडक. बरण्यांच्या तळाशी मुलांच्या खेळायच्या गोट्या अंथरलेल्या. बरण्यांतले मासे पहाटे उजेड झाला की अंडी टाकतात आणि टाकल्या टाकल्या स्वतःच खातात. गोट्यांच्या फटीत पडलेली तेवढी वाचतात. या गोट्या आणायला तुम्ही आबांना पाठवलं होतं. आबा तुमचे प्रयोगशाळेतले शिपाई, यावलकडचे, निवृत्तीला आलेले, मिशा पांढऱ्या. चारशे गोट्या मागितल्यावर दुकानदाराने त्यांना विचारलं होतं, "आबा, या वयात डाव मांडी रायनात का?" ते सांगताना आबा स्वतःच खोकला लागेपर्यंत हसले.

मासा म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे. सातपुड्यातून यावलकडे उतरणाऱ्या नाल्यांत सापडणारा, कुणी भाजीलाही न घेणारा. तुम्ही सांगितलंत की अमेरिकेत आता याच माशावर मोठं काम सुरू झालंय, तिकडे त्याला झेब्राफिश म्हणतात, आणि तिथल्या लोकांना तो दुकानातून विकत घ्यावा लागतो. हे सांगताना तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला अजून दिसतो. मग पाच दिवसांचं पिल्लू दाखवलंत. पापणीच्या केसाएवढं, अंग काचेसारखं, दिसतात ते फक्त दोन काळे डोळे. ते पोहत नाही, झटका देऊन पुढे जातं आणि थांबतं. पुन्हा झटका, पुन्हा थांबणं. केळीवर आणि कपाशीवर जे औषध मारतात ते पाण्यात उतरतं. पिल्लू मरणार नाही इतकं थोडं असलं तरी त्याच्या चालीत काही बदल होतो का, हा तुमचा प्रश्न होता. तुमचा अंदाज होता की ते मंद होत असेल, आणि जे पिल्लू मंद झालं ते मोठ्या माशाच्या तोंडातून सुटत नाही. पण दाखवायचं कसं? पिल्लू सोडलेल्या काचेच्या बशीखाली चौकटींचा कागद ठेवून दोन विद्यार्थिनी घड्याळ लावून रेघा ओलांडलेल्या मोजायच्या. अर्ध्या तासात डोळ्यांतून पाणी यायचं, आणि एकाच पिल्लाचे दोघींचे आकडे वेगळे.

यंत्राला सात महिने लागले. ते कसं चाले हे तुम्हाला माहीत आहे, पण मला पुन्हा एकदा सांगू द्या, कारण त्यातलं काहीही मी कुठल्या पुस्तकातून उचललेलं नव्हतं. टीव्हीचं चित्र म्हणजे चित्र नसतंच, एकाखाली एक ओढलेल्या सहाशे पंचवीस रेषा असतात, सेकंदाला पंचवीस वेळा. बशीखाली काळा कागद, बाजूने दिवा, वरून कॅमेरा. पडदा काळा, पिल्लू तेवढं चमकतं. चमक कितव्या रेषेवर आली ते मोजलं की उभी जागा कळली, आणि रेषा सुरू झाल्यापासून किती वेळाने आली ते मोजलं की आडवी. कॅमेरा एका लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा जुना, काळा-पांढरा. मोजणारी सर्किटं माझी, हाताने डाग दिलेली. जागेचे आकडे कॉलेजच्या त्या एकुलत्या एक संगणकात जायचे आणि तो दोन जागांमधलं अंतर बेरजेला लावायचा. बशी नऊ सेंटिमीटरची. दहाची नाही, नऊचीच. दहाची कडा कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जायची. पहिल्यांदा पडद्यावर त्या पिल्लाच्या फिरण्याची रेघ उमटली तेव्हा तुम्ही खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलात. आबा मागून म्हणाले, "मॅडम, पानी बदलानं शे," तर तुम्ही नुसता हात वर केलात.

एक गोष्ट तेव्हा मी तुम्हाला सांगितली नाही. पिल्लू बशीच्या काठाजवळ गेलं की पडद्यावर शेजारी दुसरा, फिका ठिपका दिसायचा. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, डबल आलं. जळगावात टीव्ही आल्यापासून मी रोज हेच घालवत होतो. आत एक चावी बसवली आणि यंत्राला शिकवलं की दोन ठिपके दिसले तर जास्त उजळ असेल तो धर. फिका गेला, माझ्या दृष्टीने काम झालं. गिऱ्हाईकाला संच परत देताना आत कुठे काय दाबलं ते आपण सांगत नाही, तसंच हेही.

मग आकडे यायला लागले आणि ते तुमच्या अंदाजाच्या उलटे आले. औषधातली पिल्लं मंद नव्हती. साध्या पाण्यातल्यांपेक्षा दुपटीने पळत होती. तुम्ही आठवडाभर तेच कागद चाळत राहिलात. एका सकाळी मला म्हणालात, "भाऊ, यंत्र चालू असताना दोन मुली बाजूला बसवू या. हाताने मोजतील. आठ-दहा बश्या, जास्त नाही." मला ते लागलं. मी म्हटलं, "यंत्रावर विश्वास नसेल तर मुलीच बसवा, मी माझं सामान घेऊन जातो." तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "विश्वासाचा प्रश्न नाही. माझा माझ्या डोळ्यांवरही विश्वास नाही, म्हणून तर एका पिल्लाला दोन मुली बसवत होते." मी तसाच निघून आलो. चार दिवस तिकडे फिरकलो नाही. दुकानात संच उघडे पडलेले आणि मी नुसता डाग द्यायची कांडी तापवत बसलेला.

पाचव्या दिवशी तुमचा निरोप आला, घरी या. मेहरूणच्या तुमच्या घरी, स्वयंपाकघरात, मी पहिल्यांदा तेव्हा आलो. ओट्यावर लोणच्याच्या बरणीला लागून तशीच एक बरणी, तिच्यात उकडलेल्या गव्हाचं आंबलेलं पाणी. पिल्लांना खायला जे डोळ्यांना न दिसणारे जीव लागतात ते तुम्ही घरी वाढवत होतात. मी नाक मुरडलं तर तुम्ही म्हणालात, "डावीकडची बरणी तेवढी उघडू नका, बाकी घर तुमचंच." ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढलात. जेवण झाल्यावर एक टाइप केलेला कागद पुढे ठेवलात. धुळ्याला कॉलेजांचं चर्चासत्र होतं, तिथे वाचायचा निबंध. वर मथळा, खाली तुमचं नाव, आणि त्याच ओळीत, स्वल्पविराम देऊन, माझं. आभारात नाही, नावात. मी तो कागद दोन्ही मनगटांत धरला होता हे मला आठवतं, कारण त्याला ठेच्याचं बोट लागू द्यायचं नव्हतं. मुली बसवायचं काय, हे तुम्ही पुन्हा काढलं नाहीत. मीही काढलं नाही. माझा रुसवा काढण्यासाठी तुम्ही ती मोजणी सोडून दिलीत, हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मला ते आवडलं होतं.

चर्चासत्र शनिवारी. आपण सकाळच्या गाडीने निघालो. तुम्ही खिडकीशी, मांडीवर तक्त्यांची गुंडाळी. एरंडोल गेलं. पारोळा गेलं. पारोळ्याच्या पुढे मी बोललो. म्हटलं, मॅडम, यंत्रात चूक आहे. आज सकाळी मला ती सापडली. काठाशी जो फिका ठिपका दिसतो तो सिग्नलचा नाही, काचेच्या भिंतीतलं पिल्लाचं प्रतिबिंब आहे. पिल्लू काठाला अगदी चिकटलं की प्रतिबिंब त्याच्याइतकंच उजळ होतं. व्होल्टेज जरा वरखाली झालं की कधी हे उजळ, कधी ते. यंत्र एकदा पिल्लाला धरतं, एकदा प्रतिबिंबाला, आणि त्या दोघांमधलं अंतर सेकंदाला कितीदा तरी बेरजेत घालतं. औषधातली पिल्लं पळत नाहीत. काठाला जाऊन थांबतात.

तुम्ही विचारलंत, "किती बश्यांमध्ये?" मी म्हटलं, सगळ्याच. "खात्री कशी केलीत?" मी म्हटलं, काठाच्या आतून छत्रीच्या काळ्या कापडाची पट्टी लावली, प्रतिबिंब गेलं, आकडा विसाव्या हिश्श्यावर आला. तुम्ही मान हलवलीत. "म्हणजे मंदच होतात." तेवढं बोलून तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात, आणि मला दिसलं की तुम्हाला हसू येतंय. तुमचा अंदाज बरोबर ठरला होता, फक्त तासाभरात तुम्हाला भरल्या सभेत आपलाच निबंध मोडायचा होता.

सभागृहात ऐंशी-नव्वद माणसं असतील. तुम्ही तक्ते उघडलेच नाहीत. उभ्या राहिलात आणि म्हणालात, छापील सारांशात जो निष्कर्ष दिलाय तो चुकीचा आहे, कृपया तो खोडा. कारण फळ्यावर आकृती काढून समजावलंत. पुढे म्हणालात, "यंत्राबरोबर हाताने मोजायला हवं होतं. मला ते सुचलं होतं, मी केलं नाही. चूक माझी." मी शेवटून तिसऱ्या रांगेत. पुढच्या खुर्चीतले एक वयस्कर प्राध्यापक उठले. म्हणाले, "मॅडम, टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या हाती शास्त्र दिलं की असंच व्हायचं." लोक हसले. तुम्ही हसू थांबेपर्यंत थांबलात. मग म्हणालात, "सर, ही चूक त्यांनी आज सकाळी स्वतः शोधली आणि धुळ्याला पोचायच्या आत मला सांगितली. आपलंच नाव असलेला निबंध मोडायला लागणारा प्रामाणिकपणा मी या व्यवसायात फार वेळा पाहिलेला नाही." हसू बंद झालं. चहाच्या वेळी ते प्राध्यापक माझ्याजवळ आले, छत्रीचं कापड नेमकं कसं लावलं ते विचारून गेले.

आता खरं. ते आज सकाळी सापडलं नव्हतं, मंगळवारी सापडलं होतं. आणि ते मी शोधलं नव्हतं.

मंगळवारी तुम्ही वर्गावर होतात. मी यंत्रासमोर, बशीत औषधातलं पिल्लू, पडद्यावर आकडा भराभर चढतोय. आबा बाजूच्या बरणीचं गोणपाट भिजवत होते. ते वाकून बशीत बघायला लागले, पडद्याकडे नाही, बशीत. बराच वेळ बघून म्हणाले, "भाऊ, हाई पिलू ते हाली बी नही रायनं." मी म्हटलं, आबा, ते इतकं बारीक आहे, तुम्हाला दिसणार नाही. ते म्हणाले, "दिखस ना. मी सकायपाईन देखी रायनू. तठेच शे." मी पडदा दाखवला, हे बघा, किती पळतंय. त्यावर आबांनी जे केलं ते मला करता आलं नसतं. त्यांनी ओली तर्जनी बशीच्या काठाशी, पिल्लू आणि काच यांच्या मध्ये, पाण्यात उभी धरली. आकडा थांबला. बोट काढलं, आकडा धावायला लागला. पुन्हा धरलं, थांबला. "देख," म्हणाले, "काचमा दुसरं शे." आणि गोणपाट भिजवायला परत गेले. छत्रीचं कापड माझं, तेवढं खरं आहे.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. चार दिवस मी तुम्हाला रोज भेटत होतो. तुम्ही तक्त्यांवर रंगीत शाईने खांब काढत होतात, औषधातल्या पिल्लांचा खांब लाल. मी रंग सुकण्यासाठी पंखा तिरका करून दिला. तो टाइप केलेला कागद मी तोवर बायकोला, मेहुण्याला आणि दुकानाच्या दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना दाखवून मोकळा झालो होतो. धुळ्यात काही न बोलता निभावून नेऊ, नंतर गुपचूप कापडाची पट्टी लावू, असं मी ठरवलं होतं. बसमध्ये बोललो ते सचोटी जागी झाली म्हणून नाही. पारोळ्याला तुम्ही गुंडाळी सोडून लाल खांबावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "यावरून काही जण मला वेड्यात काढतील, पण यंत्राने दाखवलंय तर मी ठाम उभी राहीन." ते ऐकून माझ्याच्याने गप्प बसवलं नाही. बोललो. पण बोलतानाही दोन गोष्टी आपल्या पदरात ठेवून बोललो.

परत आल्यावर सगळ्या बश्या नव्याने केल्या, कापडाच्या पट्टीसह, दोन मुली बाजूला बसवून. आकडे जुळले. निबंध छापून आला, तुमचं नाव पहिलं, माझं दुसरं, आणि शेवटी आबांचे आभार, माशांची निगा राखल्याबद्दल. तुम्ही ते त्यांना वाचून दाखवलंत. आबांनी हात जोडले. मी तिथेच होतो. धुळ्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, "मॅडमना सांगं ना भाऊ, काचनं?" मी म्हटलं, सांगितलं. ते म्हणाले, "मंग चांगलं शे." कुणी शोधलं म्हणून सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही आजारी पडून धुळ्याला भावाकडे गेलात. मी दोनदा आलो. दोन्ही वेळा तुम्ही कॅमेऱ्याच्या भिंगाबद्दल बोललात आणि मी भिंगाबद्दलच बोललो. आबा त्याआधी निवृत्त होऊन गावी गेले होते. तुमच्यानंतर दोन वर्षांनी तेही गेले. त्यांच्या मुलाने कळवलं होतं.

गेल्या आठवड्यात तुमच्या विभागातला एक तरुण प्राध्यापक दुकानात आला होता. तो परदेशी कंपनीचं असंच एक यंत्र घ्यायचं म्हणतोय, एका वेळी चोवीस पिल्लं मोजणारं. बशीच्या भिंतीचं प्रतिबिंब टाळा, अशी सूचना त्याच्या पुस्तिकेत छापलेली आहे. तो म्हणाला, "आमच्या सरांकडून ऐकलंय, ही गोष्ट आपल्याकडे तुम्ही इतक्या आधी शोधली होती. कशी सुचली?" मी त्याला बसवलं, चहा मागवला. कागदावर बशी काढली, दिवा काढला, कॅमेरा काढला, प्रतिबिंबाची तुटक रेघ काढली. पाण्यात उभं धरलेलं बोटही काढलं. सगळी मापं बरोबर सांगितली. बोट कुणाचं, ते त्याने विचारलं नाही, आणि मॅडम, मी सांगितलं नाही.